राग डोक्यात जाण्याआधी खांद्यात येतो

"राग आला हे मला ओरडून झाल्यावर कळतं. आधी कळतच नाही, तर थांबणार कसं?"

रागासाठी आमच्याकडे समुपदेशनाला येणारी बहुतेक माणसं पहिल्या भेटीत या ना त्या शब्दांत हेच विचारतात. स्नायू शिथिल करायचं तंत्र सुचवलं की लगेच दुसरी शंका येते: "अंग सैल सोडायचं म्हणजे राग आत दाबायचाच ना? मग तो कधीतरी दुप्पट होऊन बाहेर येईल." या दोन्ही शंकांची उत्तरं एका गृहस्थांच्या बारा आठवड्यांच्या हकिकतीतून देतो आहोत. हे गृहस्थ अनेकांच्या अनुभवांतून मिळून उभे केलेले आहेत, त्यामुळे कोणा एकाची ओळख त्यांच्यात शोधू नये.

चाळिशीतले, कामात चोख, मित्रांमध्ये शांत समजले जाणारे. घरात मात्र आवाज चढायचा, दारं आपटली जायची, एकदा मोबाइल भिंतीवर आदळला होता. कुणावर हात कधी उगारला नव्हता. ते आले त्याचं कारण वेगळंच होतं. नऊ वर्षांची मुलगी आईशी बोलत असताना वडील घरात शिरले की वाक्य अर्धवट सोडून गप्प बसू लागली होती. "तिला मी काहीच बोललो नव्हतो हो," ते म्हणाले, "नुसता आत आलो होतो."

एक ते दहा आकडे मोजून पाहिले होते, पाणी पिऊन पाहिलं होतं. "दहापर्यंत पोचेस्तोवर माझं बोलून झालेलं असतं." या तक्रारीत तथ्य आहे. आकडे मोजायला सुरुवात करायची तर राग चढतो आहे हे आधी लक्षात यावं लागतं, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांना जमत नव्हती. म्हणून पहिल्या आठवड्यात कुठलाही व्यायाम दिला नाही. फक्त एक वही दिली, पाच रकाने आखून: वेळ, काय घडलं, राग शून्य ते दहापैकी किती, त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं, आणि शरीरात कुठे काय जाणवलं.

सात दिवसांत ११ नोंदी झाल्या. त्यातल्या आठ कामावरून घरी आल्यानंतरच्या अर्ध्या तासातल्या होत्या. 'शरीरात काय जाणवलं' हा शेवटचा रकाना मात्र अकरापैकी नऊ वेळा कोरा होता. उरलेल्या दोन ठिकाणी त्यांनी 'काही नाही' लिहिलं होतं. हेच गृहस्थ बोलताना सांगत होते की सकाळी उठल्यावर जबडा दुखतो आणि दंतवैद्यांनी रात्री दात खाण्याची सवय असल्याचं सांगितलं आहे. शरीर बोलत होतं, पण ते ऐकू येत नव्हतं.

आपल्या भाषेला मात्र हे केव्हापासून ठाऊक आहे. दात-ओठ खाणं, मुठी आवळणं, भुवया चढणं, नाक फेंदारणं, कपाळाला आठ्या पडणं: रागाचे हे सगळे वाक्प्रचार कोणत्या ना कोणत्या स्नायूच्या ताणाकडे बोट दाखवतात. राग येताना मेंदू शरीराला झगड्याच्या तयारीला लावतो. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि जबडा, मान, खांदे, हात इथले स्नायू ताठ होतात. हे सारं 'मला राग आलाय' असं मनात उमटण्याच्या आधीच सुरू झालेलं असू शकतं. हा निरोप एकाच दिशेनं जात नाही. ताठ झालेल्या स्नायूंकडूनही मेंदूकडे सतत खबर जात राहते की तयारी चालू आहे, धोका अजून टळलेला नाही. हा फेरा स्नायूंच्या बाजूनं तोडता येतो, कारण ठोके मनात आणल्यानं कमी होत नाहीत, पण मूठ मात्र मनात आणलं की उघडते.

संध्याकाळच्या आठ नोंदींचा खुलासाही इथेच मिळतो. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की एका प्रसंगातली शारीरिक उत्तेजना लगेच ओसरत नाही. ती उरते आणि पुढच्या प्रसंगाला चिकटते. दिवसभराच्या कामातला आणि गर्दीतल्या प्रवासातला ताण अंगात शिल्लक असताना मुलीची वही खाली पडलेली दिसली, तर राग वहीच्या मापाचा येत नाही, तर दिवसभराच्या मापाचा येतो. माणसाला मात्र प्रामाणिकपणे वाटतं की आपण वहीवरच चिडलो.

स्नायू आधी मुद्दाम आवळून आणि मग सोडून शिथिल करण्याची पद्धतशीर रीत अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी घडवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत बारीकशी विद्युत हालचाल नोंदली जाते, हेही त्यांनी मोजून दाखवलं. झालेलं भांडण मनात पुन्हापुन्हा घोळवणाऱ्याचं अंग का दुखतं, ते यावरून कळावं. जेकबसन यांची मूळ पद्धत फार लांबलचक होती, महिनोन् महिने चालायची. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी ती पुष्कळ आखूड केली, आणि १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डग्लस बर्नस्टाइन व थॉमस बोर्कोवेक यांनी सोळा स्नायुगटांची नेटकी मांडणी केली. आम्ही सुरुवात तिच्यापासूनच करतो.

"सैलच सोडायचं आहे तर आधी आवळायचं कशाला?" हा प्रश्न त्या गृहस्थांनीही विचारला. सतत किंचित आवळलेला स्नायू हाच ज्याला सैल वाटतो, त्याला 'सैल सोडा' म्हणून उपयोग होत नाही. सोडायचं काय तेच त्याला माहीत नसतं. मुद्दाम ताण दिला आणि एकदम सोडला की दोन अवस्थांमधला फरक ठळक होतो. रागाच्या बाबतीत आमच्या लेखी या सरावाचा सर्वांत मोठा लाभ शांतता हा नाही. आपल्या अंगातला ताण ओळखता येणं हा आहे, शांतता त्याच्या मागून येते.

पहिला सराव समुपदेशनाच्या खोलीतच झाला. डोकं टेकता येईल अशी पाठीची खुर्ची, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, चष्मा, घड्याळ, बूट काढलेले, पट्टा सैल. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही काढायच्या. मोबाइल नुसता गप्प करून चालत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवायचा. प्रत्येक गट ५ ते ७ सेकंद आवळायचा, एका झटक्यात सोडायचा आणि मग ३० ते ४० सेकंद त्या जागी काय वाटतंय एवढंच पाहायचं. उष्ण, जड, मुंग्या आल्यासारखं, जे असेल ते. प्रत्येक गट दोनदा. असे सगळे गट घेतले की २५ ते ३० मिनिटं जातात.

क्रम असा. ज्या हाताने लिहिता त्या हाताची मूठ आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग. मग त्याच हाताचा दंड, त्यासाठी कोपर खुर्चीच्या हातावर खाली दाबायचं आणि मूठ मोकळी ठेवायची. तेच दुसऱ्या हाताला. मग कपाळ: भुवया जितक्या वर जातील तितक्या वर. नंतर डोळे घट्ट मिटून नाकाला सुरकुत्या. मग जबडा: दात टेकवून ओठांचे कोपरे मागे ओढायचे. मग मान: हनुवटी छातीकडे न्यायची आणि त्याच वेळी ती टेकू द्यायची नाही, म्हणजे पुढचे-मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढतात. मग छाती, खांदे आणि पाठीचा वरचा भाग: दीर्घ श्वास घेऊन दोन्ही फरे, म्हणजे खांद्यांमागची पसरट हाडं, एकमेकांकडे खेचायचे. मग पोट टणक करायचं. शेवटी पाय, एकेक करून: टाच जमिनीत दाबून मांडी, पायाची बोटं स्वतःकडे ओढून पोटरी, आणि पाऊल किंचित आत वळवून बोटं दुमडायची. पावलाला ५ सेकंदांच्या वर ताण द्यायचा नाही, तिथे पटकन गोळा येतो.

उठताना चारपासून उलटे आकडे मोजायचे. चारला पाय हलवा, तीनला हात, दोनला मान, एकला डोळे उघडा. एकदम उठून उभं राहिलं तर काहींना गरगरतं.

जबड्याचा भाग त्यांच्यासाठी बदलावा लागला. ज्याचा जबडा आधीच दुखतो त्याला दात आवळायला लावू नये. त्यांना जीभ टाळूला दाबून धरायला सांगितलं आणि सोडताना खालचा जबडा आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचा. इथे एक गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळली. विश्रांतीत असलेल्या जबड्यात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, ओठ मिटलेले असले तरी दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतं. "माझे दात तर दिवसभर टेकलेलेच असतात," ते म्हणाले. वहीच्या कोऱ्या रकान्यात भरायला त्यांना मिळालेली ही पहिली गोष्ट.

असे बदल आणखीही करावे लागतात. मानेच्या मणक्यांचा किंवा कंबरेच्या गादीचा त्रास असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल, गरोदरपण असेल, तर तो भाग आवळायचा नाही, नुसतं लक्ष नेऊन सोडायचा, आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. रक्तदाब जास्त असेल तर श्वास कोंडून ताण देऊ नये, कोंडलेल्या श्वासाने दाब क्षणात चढतो. ताण देतानाही श्वास चालू ठेवायचा.

घरी दिवसातून दोनदा सराव करायचा ठरला. आठवड्याने ते नाराज होऊन आले. "डोकं दुखतं आणि झोप येते."

डोकं दुखायचं कारण सोपं होतं. कामात चोख असलेला माणूस ताणही चोख देतो. ते सगळा जोर लावून, चेहरा लाल होईस्तोवर आवळत होते. ताण स्पष्ट जाणवला पाहिजे, पण थरथर सुटता कामा नये. पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून थोडा जास्त जोर पुरतो. दुसरी चूक सोडताना होत होती. ते मूठ हळूहळू, सांभाळून उघडत होते. हळू सोडताना स्नायू तो ताण तोलून धरत खाली आणतो, म्हणजे कामच करत राहतो. दोरी कापल्यासारखं एकदम सोडायला हवं. तिसरी चूक अशी की मूठ आवळताना खांदाही वर जात होता, कपाळालाही आठी पडत होती. एका वेळी एकच गट, बाकीचं अंग जसं आहे तसं. हे जमायला सर्वांनाच आठवडाभर लागतो आणि त्यात काही वावगं नाही.

झोप येत होती, कारण दुसरा सराव ते रात्री अंथरुणात पडून करत होते. झोप लागण्यासाठी तो उत्तम आहे. पण आपल्याला जागेपणी, बसलेल्या आणि उभ्या अवस्थेत वापरायचं कौशल्य हवं आहे. अंथरुणात शिकलेलं सैलपण अंथरुणातच राहतं. वेळ बदलली: एक सराव सकाळी, दुसरा कामावरून आल्यावर, भरल्या पोटी नाही.

काही जणांना याच टप्प्यावर उलटाच अनुभव येतो. अंग सैल पडू लागलं की छातीत धडधडतं, आपला ताबा सुटतो आहे असं वाटतं, जुनं काहीतरी वर येतं. हे अपयश नाही. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, फक्त हात आणि पाय घ्यावेत, ५ मिनिटांवर थांबावं आणि समुपदेशकाला सांगावं. एकट्याने रेटू नये.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरून निरोप आला की राग तसाच आहे. पत्नी म्हणाल्या, "हे खुर्चीत अर्धा तास शांत बसतात आणि उठल्यावर पुन्हा ओरडतात." हा टप्पा इथे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ जण याच ठिकाणी सोडून देतात. पहिला महिना ही नुसती मुळाक्षरं असतात. रागाच्या क्षणी वापरायचं हत्यार अजून हातात आलेलंच नसतं. पण एरवी शांत असताना सराव न करता भांडणाच्या भरात अंग सैल करू पाहणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायला हवं होतं. आमच्याकडून ते राहिलं होतं.

चौथ्या आठवड्यापर्यंत वहीतला पाचवा रकाना भरू लागला होता. 'उजवा खांदा कानाकडे.' 'दात टेकले.' 'गाडीचं चाक गच्च धरलंय.' राग कमी झालेला नव्हता, पण आता दिसत होता, आणि आमच्या हिशेबी काम अर्ध्यावर आलं होतं.

पुढचे टप्पे वेगाने घेतले. सोळा गटांचे सात केले: एक हात पूर्ण, दुसरा हात पूर्ण, चेहरा, मान, छाती-पाठ-पोट, एक पाय, दुसरा पाय. मग चार: दोन्ही हात, चेहरा-मान, धड, दोन्ही पाय. वेळ दहा मिनिटांच्या आत आली. मग आवळणं पूर्ण बंद. नुसतं त्या गटाकडे लक्ष न्यायचं, मघाचा सैलपणा आठवायचा आणि सोडायचं, कपाळापासून पायापर्यंत. याला ५ ते ७ मिनिटं लागतात. त्यानंतर सैलपणाला एक शब्द जोडला. अंग सैल असताना श्वास बाहेर सोडता सोडता मनात म्हणायचं, 'सैल'. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक श्वासाला तोच शब्द. शब्द कुठलाही चालतो, पण बदलत राहायचा नाही. 'शांत हो' हा शब्द आम्ही टाळतो, कारण भांडणात लोकांनी तो इतक्यांदा ऐकवलेला असतो की तो ऐकूनच राग येतो.

यानंतरचा भाग स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांच्या पद्धतीतला, आणि रागासाठी आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. मोबाइलच्या मागे आणि घड्याळाच्या पट्ट्यावर रंगीत ठिपका चिकटवायचा. दिवसभरात तो दिसला की एक ते तीन संथ श्वास, 'सैल' हा शब्द, आणि अंगात कुठे उगाचच ताण आहे का ते पाहून तेवढाच सोडायचा. असं दिवसातून १५ ते २० वेळा, राग नसताना. सुरुवातीला एकेका वेळेला मिनिटभर लागतं, दोन आठवड्यांत २० ते ३० सेकंदांवर येतं. ठिपक्याची नजरेला सवय झाली की रंग बदलायचा. सोबत एक नियम: जे काम चालू आहे त्याला लागतील तेवढेच स्नायू वापरायचे. चाक धरायला बोटं लागतात, खांदे आणि जबडा लागत नाहीत. फोनवर बोलायला कपाळ लागत नाही.

सातव्या आठवड्यात पहिल्यांदा घरच्या वादात त्यांनी हे वापरून पाहिलं आणि ते पार फसलं. पुढच्या भेटीला पत्नीही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बोलत होते आणि यांनी दोन्ही मुठी आवळल्या. मला वाटलं आता काही खरं नाही." घाईत ते पहिल्या आठवड्यातल्या पायरीवर गेले होते, आवळून सोडायच्या. समोरच्याला मात्र फक्त आवळलेली मूठ दिसते, आणि तिचा अर्थ जगात कुठेही एकच होतो. शिवाय मूठ, जबडा आणि कपाळ हे रागाचेच स्नायू आहेत. पारा सात-आठवर असताना ते आवळणं म्हणजे रागाला खतपाणी. म्हणून माणसांसमोर आवळायचं नाहीच. फक्त सोडायचं, श्वासासोबत, या क्रमाने: दात विलग, जीभ खाली, खांदे खाली, हात उघडे आणि मांडीवर किंवा बाजूला. काहींना आवळल्याशिवाय सुरुवातच होत नाही. अशांनी बुटाच्या आत पायाची बोटं दुमडून सोडावीत, ते कुणाला दिसत नाही.

मग खोलीत तालीम घेतली. डोळे मिटून, घडून गेलेला एक मध्यम प्रसंग उभा करायचा, पाच-सहाच्या रागाचा. दहाचा घ्यायचा नाही. कोण काय म्हणालं, कुठे उभं होतं, सगळं. राग अंगात जाणवला की तिथे सुमारे ३० सेकंद थांबायचं, मग प्रसंग बाजूला ठेवून सैल करायचं. एका भेटीत असं चार-पाच वेळा. पहिल्या दोन भेटींत सैल व्हायच्या सूचना आम्ही दिल्या, नंतर त्यांनी स्वतः केलं, आणि शेवटी प्रसंग न सोडता, तो मनात चालू असतानाच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेरी डेफनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रागावर शिथिलीकरणाचा जो वापर केला, त्यातही अशाच कल्पित प्रसंगांवर भर होता. कल्पनेत जमलं नाही तर घरात जमण्याची आशा धरू नये.

आता 'दाबण्याची' शंका. आठव्या आठवड्यात गृहस्थांनीच ती पुन्हा काढली: "मी खोटा शांत होत चाललोय का?" त्यांना आरशासमोर बसवून एक करून पाहायला सांगितलं. राग गिळून दाखवा. त्यांनी ओठ मिटले, दात आवळले, गळा ताठ केला, श्वास रोखला. म्हणजे राग दाबण्यातही स्नायू आवळावेच लागतात. दाबलेल्या रागात चेहरा शांत ठेवलेला असतो आणि बाकीचं शरीर पूर्ण तयारीत असतं. सैल करण्यात याच्या नेमकं उलट होतं, तयारीच उतरते. तक्रार जागेवरच राहते, ती नाहीशी करायची नसतेच. राग आठावर असताना माणूस तक्रार सांगू शकत नाही, तो फक्त ओरडू शकतो. चारवर सांगता येते. शून्य हे आमचं ध्येय कधीच नसतं.

याच शंकेची दुसरी बाजू म्हणजे 'राग बाहेर काढून टाका' हा सल्ला: उशीला मारा, मोकळ्या जागी जाऊन किंचाळा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले, आणि काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक निघाले. २०२४ मध्ये सोफी शेर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांहून अधिक माणसांवरचे. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत झाला नाही, धावण्याने तर वाढला. धावणं हृदयाला चांगलं आहे, ते सोडू नका. फक्त भांडण अर्ध्यावर टाकून राग घालवायला धावू नका.

त्यांच्या बाबतीत तक्रार होतीच आणि ती खोटीही नव्हती. काम संपायच्या वेळी वरिष्ठ नवं काम सोपवत, घरी पाय टाकताच दिवसभराच्या अडचणी समोर येत. अंग सैल करता येऊ लागल्यावर दोन संभाषणं शक्य झाली. वरिष्ठांशी: "हे उद्या सकाळी पहिलं करतो, आज घेतलं तर आधीचं अर्धवट राहील." हे वाक्य त्यांनी आमच्याबरोबर आठ-दहा वेळा म्हणून पाहिलं, कारण पहिल्या खेपेला त्यातही धमकीचा सूर होता. आणि घरी: "आल्यावर मला पंधरा मिनिटं द्या, मग मी पूर्ण तुमचा." ही पंधरा मिनिटं म्हणजे चार गटांचा सराव, दार ढकलून घेऊन, मोबाइल बाहेर ठेवून. पत्नीने विचारलं, "माझ्या पंधरा मिनिटांचं काय?" रास्त प्रश्न होता. त्यांचीही वेळ ठरली, आणि त्या वेळात मुलीचं सगळं वडिलांकडे.

वाद चढलाच तर थांबण्याचा नियमही दोघांनी मिळून केला. उत्तेजना ओसरायला वेळ लागतो, म्हणून थांबा निदान २० मिनिटांचा. जाताना "साडेआठला पुन्हा बोलू" अशी वेळ सांगायची आणि त्या वेळेला स्वतः परत यायचं. वेळ न सांगता उठून गेलं तर समोरच्याला ते टाकून जाणंच वाटतं. त्या २० मिनिटांत मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसलं तर अंग पुन्हा ताठ होतं आणि थांबा वाया जातो. तेवढ्यासाठीच हा सराव.

हे सगळं त्यांच्यासाठी योग्य होतं, सर्वांसाठी असेलच असं नाही. घरात मारहाण होत असेल, कुणी धाकात जगत असेल, तर आधी त्या माणसाची सुरक्षितता पाहायची. तिथे शिथिलीकरण हे 'मी प्रयत्न करतोय' म्हणून दाखवायचं प्रमाणपत्र होऊ द्यायचं नाही, आणि पतीपत्नीला एकत्र बसवूनही बोलायचं नाही. राग दारू किंवा इतर नशेबरोबर येत असेल, आठवड्यांमागून आठवडे उदासी आणि झोप नसेल, डोक्याला मार लागल्यानंतर स्वभाव बदलला असेल, किंवा स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आधी. त्यात एक दिवसही दवडू नये.

बाराव्या आठवड्याच्या वहीत सहा नोंदी होत्या. त्यात एक आठची होती, दार आपटलेली. उरलेल्या पाच तीन ते पाचच्या. पाचवा रकाना सहाही ठिकाणी भरलेला. दार आपटलेल्या नोंदीतही लिहिलं होतं, 'दात टेकले हे कळलं होतं, सोडले नाहीत.' या एका ओळीवर आम्ही संपूर्ण भेट घालवली. कळून न सोडणं हा निर्णय असतो, आणि निर्णयावर बोलता येतं. त्या संध्याकाळी त्यांना वाटलं होतं की शांत झालो तर माझं म्हणणं कुणी ऐकणारच नाही.

पुढच्या तीन महिन्यांसाठी ठरलं ते असं. दिवसातून एकदा चार गटांचा सराव, आठवड्यातून एकदा सोळा गटांचा पूर्ण, ठिपका चालू. प्रवास, आजारपण, कामाची गर्दी यांत सराव सुटतो, सर्वांचा सुटतो. सुटला तर ठिपक्यापासून सुरू करायचं नाही, पुन्हा आवळून-सोडून चार दिवस करायचं, कारण आधी बोथट होते ती ताण ओळखण्याची जाण. आणि दार आपटलेल्या संध्याकाळबद्दल मुलीशी बोलायचं राहिलं होतं. ते त्यांनी खुर्चीत न बसता, खाली तिच्या शेजारी बसून करायचं ठरवलं, हात उघडे ठेवून.